पडद्याच्या मागून पाहिलेलं विमान

सूरसागर_काठ
(धागाकर्ती)

बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या पोळमध्ये, म्हणजे जुन्या गल्लीत, गणपतीत एक रात्र सिनेमाची असायची. समोरासमोरच्या दोन माड्यांना दोर बांधून मध्ये पांढरी चादर ताणायचे. सोळा मिलिमीटरचं मशीन भाड्याने यायचं. मशीनच्या बाजूला खुर्च्या, म्हणजे मोठी माणसं आणि पाहुणे. जागा पुरायची नाही, म्हणून बायका आणि आम्ही मुलं चादरीच्या मागे सतरंजीवर. चित्र मागूनही दिसायचं, फक्त उलटं. डाव्याचं उजवं.

'संत तुकाराम' मी तिथे पाहिला. मी सहा-सात वर्षांची असेन. सुरुवातीच्या पाट्या उलट्या दिसायला लागल्या, तशी मी आईला विचारलं, हे काय लिहिलंय? ती म्हणाली, अक्षरं वाचायची नाहीत, बघत राहायचं. मी बघत राहिले. शेवटी गरुडाचं ते विमान उचललं गेलं. तुकाराम त्यात, आणि जिजाई खाली, वर बघत. आमच्या बाजूच्या सगळ्या बायका एकदम रडायला लागल्या. पलीकडे पुरुषांच्या बाजूला शांतता होती. त्या रात्री मला वाटलं, विमान आमच्याच बाजूला आलं आणि आमच्याच बायकांना दिसलं.

पुढे कितीतरी वर्षांनी टीव्हीवर तोच सिनेमा लागला, आणि विमान चुकीच्या दिशेला गेलं. प्रिंट उलटी लावलीय असंच मला पहिल्यांदा वाटलं. आजही ते विमान डोळ्यांपुढे येतं ते चादरीच्या मागून पाहिलेलं, माझ्या बाजूचं.

१९३६ चा सिनेमा, दामले-फत्तेलालांचा, विष्णुपंत पागनीसांचा. १९३७ मध्ये व्हेनिसला जगातल्या तीन उत्तम चित्रपटांत त्याची निवड झाली. हे सगळं मला नंतर कळलं. विमान आधी होतं.

तर हा धागा अशा दृश्यांसाठी. आवडत्या सिनेमांची यादी नको, कथा नको. एकच दृश्य सांगा, जे डोळ्यांतून जात नाही. कुठे बसून पाहिलंत ते सांगा, आणि कसं घडवलं ते माहीत असेल तर तेही. 'कसं घडवलं' मुद्दाम विचारतेय. आपण बडोदेकर ज्या कलाभवनावरून रोज ये-जा करतो, तिथे दादासाहेब फाळके शिकले. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये ते काढलं, त्रिभुवनदास गज्जर प्राचार्य होते. चित्रकला, साचेकाम आणि फोटोग्राफी फाळके तिथे शिकले. भारतीय सिनेमातलं पहिलं लक्षात राहणारं दृश्य पडद्यावर १९१३ मध्ये आलं असेल, पण ते पाहणारा डोळा आपल्या गावात तयार झाला, असं मी मानते. पटत नसेल त्यांनी जरूर लिहावं.


मांडवीचा_ऑपरेटर

ताई, मी चौतीस वर्षं ऑपरेटर होतो. सिनेमा मी हॉलमध्ये बसून फार कमी पाहिला. मी पाहिला तो केबिनच्या चौकोनी खिडकीतून, एक डोळा पडद्यावर आणि एक कार्बनवर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तेव्हा मशीनमध्ये बल्ब नव्हता. दोन कार्बनच्या कांड्या समोरासमोर, त्यांच्यामध्ये ज्योत. कांड्या जळत जातात, अंतर वाढतं, की पडदा पिवळा पडायला लागतो. सतत हात लावून अंतर राखायचं. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं, दोन हजारांचं बावीस मिनिटांत. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका येतो. तो दिसला की दुसरं मशीन चालू करायचं. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका येतो, तेव्हा चेंजओव्हर, म्हणजे पडद्यावर पहिल्याऐवजी दुसऱ्या मशीनचं चित्र. प्रेक्षकाला कळता कामा नये. मी अजूनही नातवंडांबरोबर जुना सिनेमा बघताना कोपऱ्यात ठिपका शोधतो.

माझं दृश्य 'कागज़ के फूल'मधलं. रिकामा स्टुडिओ, वरून उतरणारा प्रकाशाचा झोत आणि त्याच्या कडेला उभी दोन माणसं. हा सिनेमा १९५९ चा, आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा. स्कोपची प्रिंट हातात धरून उजेडात पाहा, माणसं उंच आणि किडकिडीत दिसतात, कारण चित्र आडवं दाबलेलं असतं. मशीनवर स्कोपची लेन्स चढवली की तीच माणसं फुलून नीट होतात. मी तेव्हा उमेदवार होतो, सिनेमा जुना होऊन परत लागला होता. उस्ताद मला म्हणाले, लेन्स तू चढव. मी चढवली. तो झोत आला तेव्हा काय झालं सांगतो. हॉलमध्ये लोक बिड्या ओढायचे, धूर असायचा, म्हणून आमच्या खिडकीतून निघणारा झोतही हवेत पांढरा दिसायचा. पडद्यावर एक झोत आणि लोकांच्या डोक्यावर दुसरा. आणि दुसऱ्यावर माझा हात होता. त्या वेळी कार्बन जरा जरी हलला असता, तर पडद्यावरचा तो झोत विझला असता.

तो झोत छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींनी खऱ्या उन्हाचा केला होता. बाहेर एक मोठा आरसा ठेवून ऊन पकडायचं, दुसऱ्या आरशावर टाकायचं आणि तिथून आत सोडायचं. दिवे लावले नाहीत. पुढे मूर्तींना फाळके पुरस्कार मिळाला, २००८ चा. त्या दिवशी मी पेढे वाटले. घरच्यांना कळेना कशाचे.


कमाटीबाग

काका, हे वाचून अंगावर काटा आला. पुन्हा लिहा, प्लीज. केबिनमधलं कुणी लिहीत नाही.


रावपुरा_रात्र

मस्त धागा. मी संकलनाचं काम करतो (लग्नाच्या फिती, जाहिराती, मिळेल ते), त्यामुळे माझं उत्तर थोडं कारागिराचं आहे. एकच दृश्य सांगायचं म्हणालात, पण मी एका दृश्यामागे लपलेली अजून दोन सांगतो, कारण ती एकमेकांपासून सुटत नाहीत.

'फँड्री', २०१३. (ज्यांनी पाहिला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडा.) शेवटी जब्या हा शाळकरी पोरगा आपल्याला हसणाऱ्यांवर दगड उचलतो आणि फेकतो. दगड थेट आपल्याकडे येतो. पडदा काळा. बडोद्यात मराठी सिनेमाला तसेही खेळ कमी मिळतात. मी पाहिला तो सकाळचा, जेमतेम पंचवीस-तीस माणसं. माझ्या शेजारी माझा गुजराती मित्र होता, त्याला मी मध्येमध्ये शब्दांचे अर्थ सांगत होतो. दगड आला तेव्हा त्याने चेहऱ्यापुढे हात धरला. खरंच धरला. मग नावं संपेपर्यंत आम्ही कुणीच उठलो नाही. बाहेर सेव-उसळ खायला गेलो, पण सिनेमाबद्दल एक शब्द बोललो नाही.

आता मागे जा. १९७४, 'अंकुर'. शेवटी एक लहान पोरगा जमीनदाराच्या खिडकीवर दगड मारतो, काच फुटते आणि पडदा लाल होतो. अजून मागे, १९०३, अमेरिकेतला 'द ग्रेट ट्रेन रॉबरी'. त्यात दरोडेखोरांचा म्होरक्या थेट कॅमेऱ्याकडे बघून पिस्तूल झाडतो. गोष्टीशी त्या शॉटचा काही संबंध नाही. थिएटरवाल्यांना सूचना होती, हा तुकडा सुरुवातीला लावा किंवा शेवटी, तुमची मर्जी.

मी ही तिन्ही दृश्यं टाइमलाइनवर एकाखाली एक लावून पाहिली. १९०३ ची गोळी दचकवण्यासाठी आहे. 'अंकुर'चा दगड खिडकीवर जातो, आपण बाजूला उभे राहून तो बघतो आणि मनातून पोराच्या बाजूने असतो. 'फँड्री'त ती सोय काढून घेतलीय. कॅमेरा जिथे आहे तिथे आपण आहोत, म्हणजे जे हसत होते त्यांच्यात. संकलनात सगळ्यात अवघड निर्णय असतो कुठे थांबायचं. दगड लागलेला दाखवला असता तर दृश्य तिथेच संपलं असतं. तो लागायच्या आत पडदा काळा केला, म्हणून तो अजून येतोच आहे.


बाजवाडा

रावपुरा_रात्र, +१. 'फँड्री'त डुकराच्या मागे धावताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळे जागच्या जागी उभे राहतात, तेही दृश्य.


शाहूपुरी
(कोल्हापूर)

बडोदेकरांच्या धाग्यात कोल्हापूरची हजेरी लावतो. माझं दृश्य मी पाहिलेलं नाही. आज ते कुणालाच पाहता येत नाही.

बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश', १९२५. मूकपट. सावकाराने जमीन घेतलेला शेतकरी त्यात तरुण शांतारामांनी केला होता. त्यात एक दृश्य होतं: रात्र, अंधारात एक मोडकी झोपडी आणि तिच्याजवळ गळा काढून रडणारा कुत्रा. एवढंच. सिनेमाची प्रिंट उरली नाही. पण माझ्या आजोबांनी तो लहानपणी पाहिला होता आणि ते दृश्य ते आम्हाला हाताने करून दाखवायचे. झोपडीसाठी दोन तळहात टेकवायचे, आणि मग मान वर करायचे. मूकपट असूनही आजोबा शपथेवर सांगायचे की रडणं ऐकू आलं. मी तो कुत्रा आजोबांच्या मानेत पाहिलाय.

पेंटर नावाप्रमाणेच चित्रकार. नाटकाचे पडदे रंगवता रंगवता ते सिनेमात आले. उजेड कुठून येतो आणि अंधार किती ठेवायचा, हे कळणारा माणूस. त्यांच्याच हाताखालची मंडळी पुढे 'प्रभात' कंपनीत गेली, आणि 'संत तुकाराम' 'प्रभात'चाच. म्हणजे धागाकर्तीचं विमान आणि आमचा कुत्रा एकाच घरातले.

'अमृतमंथन'चंही लिहायचं होतं, १९३४ चा. टेलिफोटो लेन्सने टिपलेला राजगुरूचा डोळा, पडदाभर एकच डोळा. पण एकच दृश्य म्हटलंय, म्हणून थांबतो.


पंचवटी

धागा आवडला, पण कलाभवनाबद्दल जे लिहिलंय ते मला जरा जास्त वाटतं. मी नाशिकचा, म्हणून भांडायला आलो असं समजू नका.

फाळके जन्माने त्र्यंबकेश्वरचे. बडोद्याआधी ते मुंबईला जे. जे. मध्ये होते. नंतर गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा केला, प्लेगमध्ये तिथे पहिली बायको आणि मूल गेलं. मग पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग छपाई. लोणावळ्याकडे रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी काम. १९११ मध्ये मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि डोक्यात पेटलं. १९१२ मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा घेतला, तिथल्या स्टुडिओत काम कसं चालतं ते पाहिलं. 'राजा हरिश्चंद्र' घडला दादरला. आणि 'लंकादहन', 'कालियामर्दन' हे सगळं नाशिकला. एवढा मोठा प्रवास, आणि डोळा फक्त बडोद्याचा?

खरं विचाराल तर माझ्या मते फाळक्यांचं सगळ्यात मोठं दृश्य 'हरिश्चंद्र'च्याही आधीचं आहे. एका कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून जास्त रोज एकेक चौकट (फ्रेम) घेत गेले. पडद्यावर मिनिटभरात बी फुटलं, कोंब आला, वेल चढला. भांडवल देणाऱ्याला पटवायला तो तुकडा दाखवला होता. त्यात देव नाही, राजा नाही, नट नाही. पण जे डोळ्याला कधीच दिसत नाही ते दिसलं. सिनेमा कशासाठी असतो हे त्या वाटाण्यात आहे. आणि ते शिकवायला कुठलं कलाभवन लागलं नाही.


सूरसागर_काठ

पंचवटी, भांडण कसलं, बरं झालं लिहिलंत. गोध्र्याचं मी लिहायला हवं होतं. आणि मान्य करते, 'डोळा आपल्या गावात तयार झाला' हे वाक्य मोठं झालं.

पण वाटाण्याच्या बाबतीत मात्र मला तुमच्याशी वाद घालायचाय. महिनाभर रोज त्याच कोनातून, त्याच उजेडात एक चौकट घ्यायची, कुंडी हलू द्यायची नाही, फिल्मला किती उजेड पुरेल याचा अंदाज ठेवायचा. हे ज्याने काचेवर फोटो काढलेत, स्वतःच्या हाताने रसायनं कालवलीत, त्यालाच सुचतं आणि जमतं. ते काम त्यांनी पहिल्यांदा मन लावून केलं ते इथे, गज्जरांनी उघडून दिलेल्या प्रयोगशाळेत. वेल मुंबईत चढला असेल, पण पेरणी इकडची आहे, एवढंच म्हणते.

आणि आणखी एक. त्या घरात डोळे चार होते. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला छिद्रं पाडायच्या, धुवायच्या, उन्हात पांढरी चादर धरून उजेड नटांवर टाकायच्या. माझं चादरीशी नातं असल्यामुळे मला ते वाचून फार बरं वाटलं होतं.


कमाटीबाग

मी फाइन आर्ट्सची विद्यार्थिनी. पंचवटी आणि ताई दोघांनाही एक सुचवते: हा वाद वाचून सोडवू नका, पाहून सोडवा. बडोद्यात दोन ठिकाणी जाता येतं.

एक, लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातलं फत्तेसिंह संग्रहालय. तिथे रविवर्म्याचं सीतेच्या भूमिप्रवेशाचं चित्र आहे. धरणी सीतेला कवेत घेऊन खाली चाललीय आणि बाकीचे उभे आहेत. मी त्या चित्रापुढे पहिल्या वर्षी तासभर बसले होते. सगळी माणसं एका पट्टीत, रंगमंचावर उभी राहावीत तशी, उजेड समोरून. आणि मधोमध एक गोष्ट घडायच्या बेतात थांबलेली. 'राजा हरिश्चंद्र'चे उरलेले तुकडे पाहिले की लगेच कळतं, कॅमेरा याच जागी उभा आहे. पौराणिक माणूस दिसायला कसा असतो हे आपल्या सगळ्यांना रविवर्म्याने शिकवलं, फाळक्यांनी त्याला पाय दिले.

दोन, कीर्ती मंदिर. तिथे भिंतींवर नंदलाल बोस यांची चित्रं आहेत, त्यांत गंगावतरण आहे. फाळक्यांचा एकमेव बोलपटही 'गंगावतरण'च, १९३७ चा, कोल्हापूरला केलेला. नंदलालांच्या भिंतीवर पाणी रेषेने उतरतं. रविवर्म्यासारखी छायाप्रकाशाची माणसं नाहीत. कुठेही काही हलत नाही आणि तरी पाहणाऱ्याची मान वरून खाली येते. माझ्यासाठी ते सिनेमातलं दृश्य आहे, जरी त्यात सिनेमा नसला तरी. गर्दी नसते. सकाळी जा.


जंबुबेट_आजी

नमस्कार. मुलाने खातं उघडून दिलंय, टाइप हळू करते.

तुम्ही सगळे युक्त्यांबद्दल लिहिताय, आरसे, लेन्स, चादर. मला वाटतं शेवटी चेहरा राहतो. माझं दृश्य 'मिर्च मसाला'तलं, १९८७. सुभेदार कारखान्याचा दरवाजा फोडून आत येतो. स्मिता पाटील हातात कोयता घेऊन उभी. आणि बाया दोन्हीकडून लाल तिखट त्याच्यावर फेकतात. सगळा पडदा लाल. तो गुडघ्यावर येतो. पण मला तो लाल रंग नाही आठवत, मला तिचा चेहरा आठवतो. ती ओरडत नाही, तिखट फेकत नाही, नुसती उभी आहे. सिनेमा आला तेव्हा ती गेली होती, डिसेंबर १९८६ मध्ये. आपलीच मुलगी. मी आणि माझी जाऊ दोघी गेलो होतो, घरी कीर्तनाला जातो असं सांगून. येताना आम्ही सूरसागर तळ्यापाशी बसलो. जाऊ म्हणाली, ती मेली नाही, ती अजून कोयता घेऊन उभी आहे. ते खरं आहे.


रावपुरा_रात्र

आजी, तुमच्या जाऊबाईंनी एका वाक्यात सगळा धागा सांगितला.

चेहऱ्यावरून एक गोष्ट लिहितोच. डेन्मार्कच्या ड्रायरने १९२८ मध्ये जोन ऑफ आर्कवर मूकपट केला. जवळपास सगळा सिनेमा चेहऱ्यांचा, रंगरंगोटी न केलेला, फाल्कोनेटी नावाच्या नटीचा चेहरा पडदाभर. त्याची मूळ निगेटिव्ह आगीत गेली. पुढे अनेक वर्षं लोकांनी तोडकंमोडकं पाहिलं. आणि १९८१ मध्ये नॉर्वेतल्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात पूर्ण प्रिंट सापडली. मी ती मोबाइलवर पाहिली, रात्री दोन वाजता, कानात काही न लावता. चेहरा मोबाइलवरही मावत नव्हता.


अलकापुरी_नवा

बाकीच्यांसारखं लिहिता येत नाही. माझं: 'पथेर पांचाली', पांढऱ्या कासफुलांतून धावणारी दोन मुलं आणि आगगाडी. पहिल्या दिवशी अर्धं चित्रण झालं, आठवड्याने परत गेले तर गुरांनी फुलं खाऊन टाकलेली. पुढच्या वर्षी फुलं येईपर्यंत सत्यजित राय थांबले. मी वडिलांबरोबर पाहिला. वडील रेल्वेत होते. गाडी आली तेव्हा ते उभे राहिले.


मांडवीचा_ऑपरेटर

पुन्हा लिहा म्हणालात, म्हणून लिहितो. जंबुबेट_आजी, चेहरा राहतो हे खरं, पण तो चेहरा दिसायला उजेड लागतो. माझी बाजू मांडतो.

'शोले' लोकांना गब्बरसाठी आठवतो. मला आठवते ती दिव्यांची संध्याकाळ. जया भादुरी माडीवर एकेक कंदील मालवत जाते, खाली अमिताभ पायरीवर बसून माउथ ऑर्गन वाजवतो. द्वारका दिवेचा कॅमेऱ्यावर होते. सूर्य बुडाल्यावर निळा उजेड काही मिनिटंच असतो, तेवढ्यातच ते टिपायचं, म्हणून कित्येक संध्याकाळी त्यात गेल्या. सिनेमा पस्तीसवर काढून सत्तर मिलिमीटरवर मोठा केलेला. आमच्या हॉलला सत्तरचं मशीन नव्हतं, आम्ही पस्तीसची प्रिंट लावली.

अंधाराचं दृश्य म्हणजे ऑपरेटरची परीक्षा. उजेडाच्या दृश्यात कार्बन थोडा खाली-वर झाला तरी खपतं. पण हिने शेवटचा दिवा मालवला आणि आमची ज्योत पिवळी असेल, तर लोकांना दिसतो नुसता चिखल. मालकाला कार्बन वाचवायचे असायचे. उरलेले तुकडे जोडून वापरा म्हणून सांगायचे. मी 'शोले'च्या त्या रिळाला कायम नवी कांडी लावली, पैसे पदरचे. एकदाही विचारलं नाही कुणी. पण तो सिनेमा आमच्याकडे होता तोवर त्या दृश्याला हॉलमध्ये कुणी शिट्टी मारली नाही. गब्बरला मारायचे, वीरूला मारायचे. तिच्या दिव्यांना नाही.

एक रात्र वाईटही गेली. दुसऱ्या एका सिनेमाच्या वेळी फिल्म मशीनच्या गेटमध्ये, म्हणजे ज्योतीसमोरच्या खाचेत, अडकली आणि जळाली. हिरॉइनच्या चेहऱ्यावर आधी तपकिरी डाग आला, मग तो पसरला, मग पांढरा पडदा. दोन सेकंद. लोक ओरडले. मी कापून, चिकटवून चार मिनिटांत परत लावली. पण तो चेहरा जळताना मी पाहिला तो अजून दिसतो. तुम्ही म्हणालात डोळ्यांतून न जाणारं दृश्य सांगा. ते कुठल्याच दिग्दर्शकाने केलेलं नाही, ते माझ्या हातून झालं.


सूरसागर_काठ

काका, तुमचं हे मी आज चारदा वाचलं.

आता एक प्रस्ताव. पोळमधल्या मंडळाच्या बैठकीत काल मी विचारलं, या गणपतीत एक रात्र पुन्हा चादर बांधूया का? होकार मिळाला. सिनेमा 'कालियामर्दन', १९१९. इतका जुना की हक्कांची मुदत कधीच संपली. उरलेला भाग पाऊण तासाच्या आसपास आहे. सुरुवातीला फाळक्यांची लेक मंदाकिनी नुसती आपल्यापुढे येते, चेहऱ्यावर एकामागून एक भाव आणते, आणि बघता बघता तिचा कृष्ण होतो. शेवटी पाण्याखाली कालियाशी झुंज, आणि मध्येच काठावरची घाबरलेली माणसं. पंचवटी, नाशिकला घडलेला सिनेमा बडोद्यात दाखवतोय. तुम्ही यायचंच.

मूकपट आहे म्हणून पेटी आणि तबला हवा. कमाटीबाग, तुमच्या ओळखीचं म्युझिक कॉलेजात कुणी आहे का?


कमाटीबाग

आहे! मैत्रीण पेटी वाजवते, तिचा भाऊ तबला. सूरसागरासमोरच्या त्या इमारतीतच दोघं सापडतील, विचारते आजच. झुंजीला काय वाजवायचं ते त्यांना आधी सिनेमा दाखवून ठरवू.


पंचवटी

येतो. दोघं येऊ. कलाभवन आणि ते भूमिप्रवेशाचं चित्र आधी दाखवा, मग वाद पुढे चालू.


जंबुबेट_आजी

मी आणि जाऊ मागच्या बाजूला बसणार. पाट्या उलट्या दिसतील, त्या मोठ्याने वाचून दाखवायला पुढून कुणीतरी पाहिजे.


रावपुरा_रात्र

मी वाचेन आजी. प्रोजेक्टरही माझा. आता डिजिटलच आहे, पण उजेड भरपूर.


मांडवीचा_ऑपरेटर

रावपुरा, दोन गोष्टी. मूकपट सेकंदाला सोळा-अठरा चौकटींनी चालायचे. चोवीसवर चालवलेली प्रत आणलीस तर माणसं पळत सुटतील आणि यमुनेकाठच्या बायका रडताहेत की नाचताहेत ते कळणार नाही. नीट वेगाची प्रत शोध.

दुसरी, चादर मी बांधणार. सुती, एकसंध, मध्ये शिवण नको. शिवण असली तर कालियाचे दोन तुकडे दिसतात. आणि मागच्या बाजूला स्वच्छ दिसायला हवं असेल तर चादर आधी ओली करावी लागते, ओल्या कापडातून उजेड आरपार जातो. दोन बादल्या पाणी आणि एक शिडी मंडळाने ठेवावी. आजी, सतरंजी चादरीपासून हातभर लांब टाका, सुरुवातीला थेंब पडतात.